मंगल कार्यालयातला मयताचा दिवा

धाकल्या मालकानं पायातले बूट काढले नाहीत. तसाच आत आला. खोली ती केवढी, एक खाट, एक शेगडी आणि मधे चालायला वाट. कोपऱ्यात माझ्या बायकोचा दिवा जळत होता. ज्या जागी तिनं जीव सोडला त्याच जागी. खाली तांदळाचं पीठ, पिठावर पणती, शेजारी तिच्यासाठी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या. आदल्या दिवशीच रक्षा सावडून आलतो. माझ्या नखांत अजून राख होती.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"दिवा हाय मालक. हिचा."

"अरे, मंगल कार्यालय आहे हे. पुढं लोकांची हळद चालू आहे आणि मागं तू मयताचा दिवा लावून बसलायस?"

मी उठून उभा राहिलो. त्याच्यासमोर बसून बोलायची सवय नव्हती. वयानं माझ्या पोरीएवढा. ह्याच अंगणात मी त्याला खांद्यावर घेऊन वराती दाखवल्यात. तेव्हा मला मामा म्हणायचा. थोरले मालक गेले, चाव्या ह्याच्या हातात आल्या आणि मामाचा 'अरे' झाला.

मी म्हणालो, "उत्तरकार्य होईतवर ऱ्हाऊ द्या. दार लावून घेतो. कुणाला दिसणार न्हाय."

तो वाकला. मला वाटलं पणती उचलून कुठंतरी आडोशाला ठेवतोय. त्यानं तांब्या उचलला. तिच्यासाठी भरलेला तांब्या. आणि दिव्यावर ओतला.

चर्र झालं. एवढाच आवाज. पीठ भिजून त्याचा लगदा झाला. वात पाण्याबरोबर वाहत खाटेच्या पायापर्यंत गेली. थोडा धूर निघाला, तेलकट वास सुटला.

"संध्याकाळपर्यंत खोली मोकळी कर," तो म्हणाला. रिकामा तांब्या त्यानं खाटेवर ठेवला. व्यवस्थित ठेवला, आडवा होऊ नये म्हणून.

मी म्हणालो, "व्हय मालक."

दुसरं काही तोंडात आलंच नाही. उभी हयात तेच बाहेर पडत आलेलं.

आम्ही शाहूवाडीकडनं आलो तेव्हा ह्या कार्यालयाच्या चारी बाजूला ऊस होता. आता कोल्हापूर पार पलीकडं गेलंय. माझं काम फाटकाचं, पाण्याच्या टाकीचं, जनरेटरचं, लग्न उठलं की झाडलोट करायचं. हिचं काम दिव्यांचं.

लोकांना वाटेल दिव्याचं काय काम असतंय. सांगतो. लग्नात दिवा विझलेला कुणाला चालत नाही. नवरी गौरीहर पुजायला बसते तिथली समई, बोहल्यापुढच्या समया. आमच्या हॉलला चहूकडनं दारं, वर उंच छत, आणि उन्हाळ्याच्या तारखांना बाजूला उभे केलेले मोठे पंखे. ते वारं दिव्याला टिकू देत नाही. एकदा ऐन मंगलाष्टकात समई गेली आणि नवऱ्यामुलाच्या आत्यानं तिथंच रडायला सुरुवात केली. तेव्हापासनं थोरल्या मालकिणीनं हिला तिथं बसवलं. तेलाची बुधली आणि वातींचा डबा घेऊन ही समईच्या मागं बसायची. पंख्याकडं पाठ, पदराचा आडोसा. माळा पडेपर्यंत हलायची नाही. घरी आली की पाठ आखडलेली असायची. मी मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायचो.

फोटोवाला ओरडायचा, "मावशी, बाजूला व्हा. तुम्ही फोटोत येताय."

ही तेवढी वाकायची. आडोसा काढायची नाही, नुसतं तोंड बाजूला घ्यायची. कोल्हापुरातल्या बड्या बड्या घरांच्या अल्बमात हिचं कोपर असेल, पदराचा काठ असेल. तोंड एकातही नाही. हार घालायला पोरीनं फोटो शोधला तर आधार कार्डावरचा तेवढा मिळाला. तोच मोठा करून आणला. त्यात ती रागावल्यासारखी दिसते. बरी दिसते.

छातीनं गेली ती. शेवटी शेवटी बोलताना धाप लागायची. एका दुपारी म्हणाली, "माझा दिवा तेवढा सांभाळा. लोकांचे मी सांभाळले."

मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

तर म्हणते, "तंबाखूची पुडी जपता की न्हाय, तसा जपा म्हणजे झालं."

मला हसू आलं. तीही हसली, मग खोकल्याची उबळ आली आणि हसणं तिथंच राहिलं.

एवढंच मागितलं तिनं मला. साडी नाही, दागिना नाही, कुठं फिरायला ने म्हणाली नाही. मेलेल्या माणसाला दिव्याच्या उजेडात वाट दिसते म्हणतात. दिसते का नाही, मला ठाऊक नाही. मला देवाधर्माचं फारसं कळत नाही. ती मानायची. बास झालं की.

आणि तो दिवा मालकानं तिच्याच पाण्यानं घालवला, आणि मी 'व्हय मालक' म्हणून खाटेखालची ट्रंक ओढायला लागलो.

खरं सांगायचं तर मला बाहेर काढायला आजवर कुणाला हात लावावा लागलेला नाही. गावाकडं शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यात आम्ही पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन जायचो. मास्तर शहरातला. मला म्हणाला, "तुझ्या अंगाला जनावरांचा वास येतोय. बाहेर उभा राहा." वास येतच होता. घर एका खोलीचं, म्हशीच्या शेजारीच झोपायचो आम्ही. मी वळचणीखाली जाऊन उभा राहिलो. तिथनं अर्धा फळा दिसायचा. मग रोजच माझी जागा वळचणीला. एक दिवस तिथनं सरळ घरी गेलो. परत बोलवायला कुणी आलं नाही. मास्तरला वाटलं असेल, बरं झालं.

तिथनं पुढं तेच. कुणी नुसतं दाराकडं बघितलं की मी चपला शोधायचो.

ट्रंक भरत होतो. तिची लुगडी आधी ठेवली. तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी. हळदीच्या घरातली, नवरीची आजी. आजऱ्याकडची माणसं होती ती. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. चपला बाहेर काढून ठेवलेल्या.

"आत येऊ का, पावणं?"

मी मान हलवली. ती आत आली आणि लगद्याकडं बघत राहिली.

"कुणी केलं हे?"

मी हातातलं लुगडं ट्रंकेत ठेवलं.

"मालकानं?"

मी मान खाली घातली.

म्हातारी कपाळाला हात लावणार होती, हळद आठवली, हात तसाच खाली घेतला. "मीच त्याला मघाशी सांगितलं. म्हटलं, मागं दुःखाचं घर हाय, तुमचा त्यो ढणढण्या कर्णा तिकडं तोंड करून लावू नका. एवढंच की. दिवा इझवा म्हणून कोण म्हटलं?"

"तुमच्यात लगीन हाय, आजी. अपशकून नको म्हणून..."

"कसला अपशकून? आमच्या घरधन्याचा दिवा जळत होता तवा शेजारच्या घरात बारसं झालं. ते पोरगं आता पोलिसात हाय. हत्तीगत वाढलंय, जीपमधी मावत न्हाय."

ती खाली बसली. लगदा तिनं हातानं गोळा केला, पणती पुसली. "कापूस हाय का?"

हिच्या डब्यात कापूस होता. काढून दिला. म्हातारीनं मांडीवर वात वळली. हाताची हळद वातीला लागली, वात पिवळी झाली. मयताच्या दिव्याला हळदीची वात. असं कधी कुणी बघितलं नसेल. मी काडी ओढली. दोन काड्या वाया गेल्या, तिसरी पेटली.

जाताना ती म्हणाली, "तेल घालत ऱ्हावा." बाकी काही नाही.

ती गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. पाव्हण्यांची काही तक्रारच नव्हती. मालकाला खोली पाहिजे होती. तिथं वधूकक्ष करायचा होता त्याला, एसीचा, आरशांचा. ही खाटेवर असतानाच तो ठेकेदाराला घेऊन आलता. ठेकेदार फीत धरून मापं घेत हिच्या अंथरुणावरनं पलीकडं गेला. ही त्याच्या पायाकडं बघत होती. तेव्हाही मी गप्प होतो. वाटलं, मापच घेतोय की.

संध्याकाळ झाली. मी खोली मोकळी केली नाही. नाही म्हणालो असंही नाही. नुसता दिव्याजवळ बसून राहिलो, दार सताड उघडं ठेवून. मालक पाव्हण्यांत गुंतला होता, आला नाही.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं मागपर्यंत ऐकू येत होती. मी सवयीनं कान देऊन होतो. मग आठवलं, बोहल्यापुढं आता विजेची समई असते. ही आजारी पडली त्याच महिन्यात आणली. बटण दाबलं की प्लास्टिकची ज्योत हलते. ती विझत नाही. तिच्यामागं कुणी बसायला लागत नाही.

लग्न उठलं, मांडव उतरला आणि वकिलाचा माणूस मोटारसायकलवर आला. "इथं सही करा." मी केली. मी नेहमीच करतो. लखोट्यात इंग्रजी कागद.

पोरगी मलकापुरात शाळेवर शिक्षिका आहे. सावडून झाल्यावर शाळेसाठी गेली होती, आता आईच्या कार्यासाठी येऊन राहिलेली. तिनं कागद वाचला आणि तिचं तोंड उतरलं.

"काय लिवलंय?"

"खोली सोडायला सांगितलीय, बाबा. न्हाय सोडली तर इव्हिक्ट करणार."

"म्हंजे?"

"बाहेर काढणार. कायद्यानं."

"मग बाहेर काढणार असंच लिवायचं की. त्याला एवढा मोठा शब्द कशाला?"

पोरीला एक खोड आहे. शाळेत पोरांना शब्द शिकवताना तो कुठनं आला तेही सांगते. म्हणते, पोरांच्या लक्षात राहतं. आईला न्यायच्या दिवशी ती रडली नव्हती. त्या दिवशीही रडली नाही. भिंतीला टेकून मोबाईल काढला आणि बघत बसली. मी दिव्यात तेल घातलं.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "इंग्रजांचा न्हाय हा शब्द मुळातला. लॅटिन म्हणून जुनी भाषा हाय, रोमच्या लोकांची. त्यांच्यात ह्याचा अर्थ पुरतं जिंकणं. समोरच्याला हरवून त्याच्याकडनं काढून घेणं."

"जिंकणं?"

"व्हय. व्हिक्टरी म्हणतात न्हवं, विजय? त्याच मुळाचा शब्द. हा पुढं इंग्रजीत आला तवा आधी मालमत्तेला लावायचे. गेलेला जमीनजुमला कोर्टातनं परत मिळवायचा, त्याला म्हणायचे. माणसाला बाहेर काढायचं, हा अर्थ मागनं आला."

"आधी वस्तूला."

"व्हय."

"मग माणसाला."

पोरीनं कागदाची घडी घातली. पण ते माझ्या डोक्यातनं जाईना. रोज दिव्याजवळ बसायचो आणि तेच चघळायचो.

तरुणपणी मी गावच्या तालमीत होतो. मोठा पैलवान नव्हतो, पण मातीत उतरायचो. कुस्तीत जिंकणं म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. दोघं मातीला हात लावतात, एकमेकाला हात देतात. कुणाची तरी पाठ लागते. मग हलगी वाजते, लोक फेटे उडवतात. समोरचा उतरलाच नाही तर उभा असलेल्या गड्याच्या हातात नारळ देतात, पण हलगी वाजत नाही. त्या गड्यालाही खाली बघत जावं लागतं. आमच्यात त्याला कुणी जिंकला म्हणत नाही.

मग ह्यांनी मला जिंकलं कधी? मी उतरलो कुठं? मास्तरनं बाहेर हो म्हटलं, मी झालो. फोटोवाल्यानं हिला बाजूला व्हा म्हटलं, ही झाली. ठेकेदार अंथरुणावरनं गेला, मी पाय मागं घेतले. दिव्यावर पाणी ओतलं, मी ट्रंक भरायला घेतली. सगळीकडं आपणच उठून गेलो. आणि ह्यांच्या कागदावर आमची हार लिहिलेली. न झालेल्या कुस्तीची.

मला राग आला. हिच्या आजारपणात आला नव्हता, ती गेली तेव्हा आला नव्हता. नुसता दगड झालतो. त्या कागदानं आला. इतका आला की जेवण गेलं नाही.

उत्तरकार्य झालं. दिवा त्यानंतर तेल संपून त्याचा त्याचाच शांत झाला. मी फुंकर घातली नाही, कुणाला हात लावू दिला नाही. तेवढं तिचं मागणं मी पुरं केलं, मधला तो पाण्याचा डाग सोडून. तो डाग फरशीवर अजून आहे. पीठ वाळून बसलंय सांध्यांत. मी खरवडत नाही.

त्याच आठवड्यात मालक आला. बरोबर दोन कामगार, एकाच्या हातात पहार. मी दारासमोर आतल्या बाजूला बसलो होतो. उठलो नाही.

त्यानं पाय उंबऱ्यावर ठेवला.

"मालक, बूट भाईर काढा."

"काय म्हणालास?"

"बूट. भाईर. माझी बायको गेलीय ह्या जागेवर."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला कदाचित वाटलं मी दारू प्यालोय. मागं पहारवाल्या गड्यानं हळूच आपल्या चपला काढल्या आणि बाजूला सरकवल्या. मालकाला ते दिसलं. त्यानं पाय उंबऱ्यावरनं मागं घेतला, बूट काही काढले नाहीत.

"नोटीस मिळाली ना तुला?"

"मिळाली. अर्थबी कळला."

"मग?"

"थोरल्या मालकांनी शब्द दिलता. म्हणालते, तुम्ही दोघं हाय तोवर ही खोली तुमची. तवा ही तिथं बसलती, तुमच्या आईसाहेबबी बसलत्या."

तो हसला. थोडंसंच. "दोघं आहात तोवर, असंच म्हणाले ना बाबा? मग आता तू एकटाच आहेस."

हे तो म्हणाला. फोटोला घातलेला हार अजून सुकला नव्हता, त्या फोटोसमोर म्हणाला. पोरगी शेगडीपाशी होती, तिच्या हातातलं भांडं खाली आदळलं. मी तिला हातानंच थांब म्हटलं.

मी म्हणालो, "एकटा हाय. एकटा मातीत उतरतोय. जिंकायचं असंल तर जिंका. पण समोर येऊन. आणि मला 'अरे' म्हणायचं आजपासनं बंद."

तो म्हणाला, "कोर्टात बघू." कामगारांना खूण केली आणि गेला. पहारवाला चपला घालायला मागं राहिला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "येतो, मामा."

पोरगी रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, चला की माझ्याकडं. ह्या वयात कोर्टाच्या पायऱ्या कशाला? तुमची खोली मी कवाच लावून ठेवलीय. खिडकीतनं झाडं दिसत्यात."

ती मनापासनं म्हणत होती. जावई पण चांगला आहे. मला तिथं सुखानं भाकरी मिळेल हे मला माहीत आहे. इथं काय आहे? पाठीमागची खोली, पुढं रोज नवी लग्नं, डोकं उठवणारे कर्णे. हिच्याशिवाय ही खोली मला खायला उठते. रात्री मिठाचा डबा दिसला तरी जीव जातो.

मी म्हणालो, "येईन. पण काढल्यावर येणार न्हाय."

ती उठली. ताटं उचलली, हात धुतले आणि पेन घेऊन बसली.

"उत्तर इंग्रजीत लिहू? वकिलाला पाठवायचंय."

"मराठीत लिही. त्यांना कळलं न्हाय तर त्यांच्याकडं बी मोबाईल असंल. बघू दे अर्थ."

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. मी खोली सोडणार नाही. कोर्टात बोलवाल तेव्हा येईन. थोरल्या मालकांनी शब्द दिला तो सांगेन. माझ्या बायकोनं ह्या कार्यालयात काय काम केलं ते सांगेन, आणि तिच्या दिव्यावर कुणी पाणी ओतलं तेही सांगेन, त्याच्या नावानिशी, त्याच्या तोंडावर. हरलो तर हरलेला माणूस म्हणून बाहेर पडेन. उठून गेलेला म्हणून पडणार नाही.

पोरीनं सगळं लिहिलं. खाली सवयीनं 'आपला नम्र' लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

मी म्हणालो, "ते खालचं खोड."

तिनं खोडलं. मग मी सही केली.